साजूक तुपातला वॉशर

देवास,
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दादासाहेबांच्या चरणी धाकट्या बकुळेचा दंडवत.

आपला डावा गुडघा, वहिनीसाहेबांची साखर आणि नेहाचा सततचा बसलेला घसा, या तिघांची खुशाली फोनवरच विचारली असती. पण आपण फोन उचलत नाही, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची आपल्या घरची रीत आहे, ती पाळली. प्रत्यक्षात ठीक काही नाही. गेले आठ महिने माझा नळ चुकतो आहे, आणि त्याला सर्वस्वी आपण जबाबदार आहात.

हा आरोप मी थंड डोक्याने करते आहे. देवासात पाणी कसं येतं हे आपल्याला ठाऊक आहे: एक दिवसाआड, पहाटे, आणि आपण डोळे चोळत बसलो तर सरळ शेजारच्याच्या मोटारीत. पूर्वी मला उठवायला तुकोजीराव काकासाहेब होते. 'आपलं घराणं, आपला अभिमान' या ग्रुपात ते कोंबड्याच्याही आधी एक गुलाब टाकत. त्यावर दव, त्याखाली कुण्या महात्म्याच्या नावावर खपवलेलं एक वाक्य, जे त्या महात्म्याने तापात बरळतानासुद्धा म्हटलं नसतं. फोन टुणकन वाजे, मी काकासाहेबांना मनातल्या मनात दोन शब्द ऐकवून उठे, आणि पिंप भरे. आपण मला ग्रुपातून काढलंत, गुलाब बंद झाला आणि पिंप कोरडं पडलं. (गजर लाव म्हणाल. लावून पाहिला. गजराचा राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय मला अंथरुणातून उठता येत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?)

पण नळाचं एकवेळ सोडते. वैशाखात नेहाचं लग्न आहे. जिच्या बारशाला मी पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं आणि त्याबद्दल आपल्याच घरातल्या समस्त बायकांचे धपाटे पाठीवर घेतले (वहिनीसाहेबांचा धपाटा अजून दुखतो), त्या नेहाच्या लग्नाची अक्षत माझ्या दारात आलेली नाही. आमंत्रण म्हणे ग्रुपात टाकलं! सनईवर झुलणारा हत्ती, वरून फुलं पडतायत, शेवटी नकाशा. मी ग्रुपात नाही, म्हणजे माझ्यापुरतं लग्नच नाही. ही बातमी मला कुठून लागली ते सगळ्यात शेवटी सांगेन. आधी भांडण.

हे सगळं सुरू झालं आईसाहेबांच्या स्टोव्हवरून. त्या गेल्या तेव्हा मागे दोन पितळी स्टोव्ह होते, एक आवाजाचा आणि एक बिनआवाजी. आवाजाचा माझ्याकडे आला (साजेसा, असं आपण तेव्हाच म्हणाला होतात), बिनआवाजी धारला राहिला. माझा मी वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवला होता. मग कधीतरी विमा कचेरीत दिवसभर लोकांच्या मरणाची गणितं करून आले आणि वाटलं, काहीतरी जिवंत करावं. स्टोव्ह उतरवला. पेटेना. आपल्या माणसांना विचारायचा मूर्खपणा तोवर मी केलेला नव्हता. नेटवर शोधलं आणि 'निळी ज्योत' नावाचा फोरम सापडला.

फोरम म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको (असं का म्हणते तेही शेवटी). तरी वहिनीसाहेब हे पत्र वाचतीलच, त्यांच्यासाठी सांगते. बडोद्याचे एक निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी जुन्या पितळी स्टोव्हच्या वेडाने पछाडलेल्यांसाठी ही एक जागा उघडून ठेवली आहे. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, तंजावर, जिथे जिथे आपली मराठी माणसं नोकऱ्यांमागे जाऊन रुजली तिथली पन्नास-साठ डोकी. लिहितात अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. दिसायला ती जागा तहसील कचेरीच्या भिंतीसारखी आहे, करडी आणि ओकीबोकी. तिथे अंगठा दाखवता येत नाही, हृदय पाठवता येत नाही, रडकं तोंड पाठवता येत नाही. प्रश्न विचारायचा तर आधी जुने प्रश्न शोधून वाचायचे, मग फोटो टाकायचा, मग आपण काय काय करून बिघडवलं ते खरं सांगायचं. आणि सगळ्यात मोठा रिवाज असा की स्टोव्ह पेटला की परत येऊन 'पेटला' असं लिहायचं, कशाने पेटला ते लिहायचं, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाचा अडला तर त्याला सापडेल. स्टोव्ह पेटवून गुपचूप पळणाऱ्याला तिथे चोर समजतात.

मी 'बर्नरबाबा' या नावाने शिरले. बाई आहे की बुवा, कुणाची कोण, कुठल्या घराण्यातली, कुणी विचारलं नाही. महिनाभर माझी बिनपाण्याची झाली. पिन वाकडी मारता आहात. स्पिरिट कमी ओतता आहात. वॉशर चामड्याचाच हवा, रबरी घालणाऱ्याशी आम्ही बोलत नाही. सोनकच्छच्या रघुजी कबाड्याचे पाय धरून रॉकेल मिळवलं, त्याच्याच ढिगातून निपल शोधला, आणि गेल्या श्रावणात एका रविवारी आईसाहेबांचा स्टोव्ह घुंईऽऽ करून पेटला. दादासाहेब, तो आवाज! शाळेतून आल्यावर दारातच ऐकू यायचा तोच. मी व्हिडिओ काढला आणि फोरमवर टाकला. पहिलं उत्तर उस्तादांचं: "डावीकडे ज्योत पिवळी आहे. बर्नर उकळून साफ करा." अभिनंदन नाही, फुलं नाहीत. मी बर्नर उकळला. ज्योत निळी झाली. 'पेटला' असं लिहिलं, तेव्हा ग्वाल्हेरहून कुणी लिहिलं, "आता चहा टाका, बाबाजी." इतकंच. मी टाकला.

इथे थांबले असते तर आपण आज बोलत असतो. पण माणसाला आनंद झाला की दुर्बुद्धी होते. मी तोच व्हिडिओ विक्रमसिंहाला पाठवला. (आपला लाडका पुतण्या. मराठी वाचता येत नाही, पण मराठी अस्मितेवर रोज रील काढतो.) त्याला म्हटलं, बघ, तुझ्या आजीचा स्टोव्ह. तर तो म्हणाला, "आत्या, क्या चीज है यार, एकदम व्हायरल मटेरियल!" आणि त्याने आधी माझा फोटो, मग ज्योत, मग ज्योत हळूहळू विझताना, मागे रडकी बासरी आणि वर 'आईसाहेबांच्या आठवणीत' असं लावून फेसबुकावर सोडून दिलं.

आता फोटो माझा, ज्योत विझते आहे, बासरी रडते आहे. वाचायची फुरसत कुणाला? पहिल्याने 'ॐ शांती' लिहिलं. दुसऱ्याने पहिल्याचं बघून लिहिलं. संध्याकाळपर्यंत माझ्या मरणावर देवास, धार आणि कुक्षी या तिन्ही गावांचं एकमत झालं होतं. शाळेतली मैत्रीण, जिने तीस वर्षांत एक ओळ पाठवली नव्हती, तिने 'माझी सखी गेली' म्हणून अख्खा निबंध लिहिला, आणि त्यात माझ्या हाताच्या दाल-बाफल्यांचं कौतुक होतं, जे मला आजतागायत नीट जमलेले नाहीत. कुणीतरी खाली लिहिलं की स्टोव्ह फुटूनच गेल्या असणार. त्यावर दुसऱ्याने सरकारने गॅस दिला नाही का म्हणून विचारलं. त्यावर तिसरा सरकारच्या बाजूने धावून आला, आणि माझ्या प्रेताशेजारी या दोघांनी एकमेकांच्या आया काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतल्या इंदूबाई नवऱ्यासह, खिचडीचा डबा आणि पांढरा हार घेऊन हजर. दार मीच उघडलं. इंदूबाई म्हणाल्या, "अरे बाईसाब, आप? तो फिर गया कौन?" आवाजात आनंद नव्हता, दादासाहेब, एवढ्या लांब येऊन फसवणूक झाली असा सूर होता. आमचे हे आतून बनियनवर बाहेर आले, तर इंदूबाईंचा नवरा ह्यांच्या गळ्यात पडून, "भिया, हिम्मत रखना." ह्यांनी हिम्मत ठेवली. खिचडीही ठेवून घेतली.

हे मी रागात लिहिते आहे आणि रागातच ठेवणार आहे. मेले हे दुःख नाही. हजारभर माणसांपैकी एकालाही ती ज्योत दिसली नाही, याचा मला संताप आहे. फोरमवर एका म्हाताऱ्याला तिचा डावा कोपरा पिवळा दिसला होता. बडोद्याहून!

आणि मग आपण आलात. आपण रील पाहिलंत. बहीण जिवंत आहे की गेली हे विचारलं नाहीत (आपल्याला रीतसर कळवल्याशिवाय मी मरणार नाही हा विश्वास, असं मी समजून घेतलं). आपण ग्रुपात लिहिलंत: "हा स्टोव्ह धारचा आहे. माहेरची भांडी मोजून नेणाऱ्या बायकांनी त्याचं प्रदर्शन मांडू नये."

दादासाहेब, हेच आपण मला दिवाणखान्यात, पानसुपारी घेता घेता म्हणाला असता, तर मी म्हटलं असतं, "अहो दादासाहेब, धारचा तो बिनआवाजी, चष्मा लावा." आपण चष्मा लावला असता, वहिनीसाहेब हसल्या असत्या, विषय संपला असता. पण ग्रुपात चष्मा लावून मागे फिरता येत नाही. तिथे सगळं गाव अंगठे वर करून बघत असतं. ज्यांनी तो स्टोव्ह जन्मात पाहिला नाही त्या एकोणीस जणांनी आपल्याला अंगठे दिले. मी आपल्याला उत्तर दिलं तर मला अकरांनी दिले. झालं. इथे देवासात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. तशा आपल्या ग्रुपाच्या दोन पात्या झाल्या. तुकोजीराव काकासाहेबांनी मध्यस्थी म्हणून 'पितळेच्या भांड्यातील पाण्याचे फायदे' पाठवले. कुणीतरी आपल्या आजोबांच्या दुसऱ्या लग्नापर्यंत मागे गेलं. तीन दिवसांनी स्टोव्हचा मुद्दा कुणालाच आठवत नव्हता, फक्त कोण कुणाला काय बोललं तेवढं स्क्रीनशॉट काढून जो तो जपत होता. आणि चौथ्या दिवशी 'ॲडमिनने बकुळा यांना काढून टाकले' ही करडी ओळ. आपल्या बोटाने.

मी आठ महिने एकच विचार करते आहे. फोरमवर मला लोक ग्रुपापेक्षा कितीतरी वाईट बोलतात. 'हे काम की कत्तल?' असं मला एका तंजावरकराने विचारलं आहे. मला त्याचा राग येत नाही, कारण तो माझ्या वॉशरला बोलतो. त्याला वॉशर नीट बसायला हवा असतो. ग्रुपात सगळे गोड बोलतात; दवबिंदू, दिवे, हात जोडलेले; आणि प्रत्येकाचं लक्ष समोरच्याच्या थोबाडाकडे असतं. हा असं का म्हणाला, तिने मला अंगठा का दिला नाही, माझा वाढदिवस विसरला, त्याचा फुगे लावून केला. मधे धरायला एखादी वस्तूच नाही, मग माणसं एकमेकांनाच धरतात. आणि ज्यांनी हे ॲप बनवलं, त्यांना हेच हवं असतं; माणसं भांडली की फोन वाजतो, वाजला की उघडतो, उघडला की मला मॉड्युलर किचनची जाहिरात. (मरणानंतर आठवडाभर मला भाजल्यावरचं मलम आणि श्राद्धाची भांडी दाखवत होते.) उस्तादांच्या भिंतीवर भांडण करून कुणाचा काही फायदा नाही. तिथे तिसरा नियम असा की घरचं, जातीचं, पक्षाचं काही लिहिलं तर ते काढून टाकलं जाईल, तो कुणीही असो.

उदाहरण म्हणून एका सद्गृहस्थांचं सांगते. त्यांच्याकडून आपण शिकण्यासारखं आहे. नाव 'शिलेदार'. आठ महिन्यांपूर्वी नवे आले. त्यांचा बिनआवाजी स्टोव्ह. पंप मारतो पण दट्ट्याला जोरच लागत नाही, अशी तक्रार. म्हणजे वॉशर सुकला, तेलात मुरवा, मी सांगितलं. तर या राजेशाही माणसाने वॉशर साजूक तुपात मुरवला! घरात तेल हलकं, तूप भारी, मग स्टोव्हला हलकं का द्या, असा त्यांचा विचार. थंडीत तूप गोठलं, पंप जागच्या जागी अडकला, आणि सकाळी मुंग्यांची रांग स्टोव्हच्या पोटात. उस्तादांनी लिहिलं, "तूप पोळीला. वॉशरला तेल. फोटो टाका." दुसरा कुणी असता तर पेटून उठला असता. शिलेदारांनी काय लिहावं? "चूक माझीच. बाबाजी, पाय लागू. आता काय करू ते सांगा भिया." काय ही नम्रता! चुकलो असं चारचौघांत म्हणणारा पुरुष मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही तुपाच्या बाबतीत. त्यांना मी पंप उघडायला शिकवला, झडप साफ करायला शिकवली, रात्री-अपरात्री प्रश्न आले तरी उत्तरं दिली. एक शब्द उणा नाही, एक शब्द चढा नाही. असा एखादा भाऊ असता तर, असंही मनात येऊन गेलं.

असो. मोठ्यांना लहानांनी काय सांगावं. वहिनीसाहेबांना नमस्कार, नेहाला आशीर्वाद आणि घशासाठी ज्येष्ठमध. रागाने लिहिलं आहे, तेव्हा रागावूनच वाचावं.

आपली (ग्रुपाबाहेरची),
बकुळा

ता. क. लग्नाचं. आत्याला हत्ती झुलवून बोलावत नाहीत. हळदकुंकू लावलेली अक्षत घेऊन आपण स्वतः माझ्या दारात या. नकाशा मला माहीत आहे. ते घर माझं माहेर आहे.

ता. क. दुसरा. बातमी कुठून लागली ते राहिलं. (हत्ती नंतर विक्रमसिंहाने दाखवला.) शिलेदारांनीच लिहिलं होतं: "वैशाखात मुलीचं लग्न आहे. पाठवणीच्या आधी तिला आजीच्या स्टोव्हवरचा चहा पाजायचा आहे." मी तरी त्याआधीच ओळखलं होतं. पंप गळतो अशी तक्रार लिहून खाली 'कळावे, लोभ असावा' लिहिणारं दुसरं घर माळव्यात नाही. तरी खात्री नव्हती. मग उस्तादांनी टाकीचा फोटो मागितला, आणि आपण टाकी चिंच लावून घासलीत. इतकी घासलीत, दादासाहेब, की त्या पितळेत आपण अख्खे उभे आहात. बनियन, कपाळावर चष्मा, मिशी, आणि मागे कमरेवर हात ठेवून वहिनीसाहेब. (टाकी गोल असते, त्यामुळे पोट आहे त्याहून मोठं दिसतं. असं मी स्वतःला सांगितलं.) ज्या बाबाजींच्या आपण पाया पडता ते बर्नरबाबा मी. आशीर्वाद दिलेले आहेत, ते परत घेत नाही.

ता. क. तिसरा, आणि या पत्राचं काम एवढंच. माघात एकदा आपण नियम मोडलात. लिहिलंत: "हा स्टोव्ह कसा पेटतो ते माझ्या बहिणीला ठाऊक आहे. तिला मी ग्रुपातून काढून बसलो आहे. परत कोणत्या तोंडाने घेऊ?" उस्तादांनी ती ओळ थोड्याच वेळात काढून टाकली, घरचं होतं. पण मी वाचली होती. एका अनोळखी बाबाला सांगता येतं आणि मला येत नाही, म्हणून दोन दिवस मी भांडी आपटली. मग गेल्या आठवड्यात आपण लिहिलंत की वॉशर धारला मिळत नाही, लग्नाची धावपळ आहे, स्टोव्ह काचेच्या कपाटात ठेवतो, सर्वांचे आभार, रजा घेतो.

रजा मिळणार नाही. मला ग्रुपात परत घेऊ नका, हात जोडते. तिथे गेलो की आपण पुन्हा पाती-पाती खेळू. पण 'निळी ज्योत' सोडू नका. तिथे आपण माझं ऐकता, बावन्न वर्षांत पहिल्यांदा. तिथे मला भिया म्हणा, मी आपल्याला शिलेदार म्हणेन, आणि या पत्राबद्दल कुठेच कुणी काही बोलायचं नाही. अक्षत आणली नाहीत तरी मी लग्नाला येणार आहे. साडी घेऊन झाली.

ता. क. शेवटचा. फाल्गुनात बर्नरबाबाला कुक्षीच्या बाजारातून शोधून आवाजाच्या स्टोव्हची, बर्नरवर बसते ती, एक जुनी चकती आपण पाठवली होतीत, सोनकच्छला रघुजीच्या दुकानाच्या पत्त्यावर. काही घ्यायला नकार दिलात. फोरमचा रिवाज वस्तूला वस्तू असा आहे, म्हणून पाकिटात एक वॉशर ठेवला आहे. माझ्या चामड्याच्या पर्सचा कापला, भिजवून बाटलीच्या बुचावर दाबून वाटीसारखा केला आणि चार दिवस तिळाच्या तेलात मुरवला. पत्राला डाग पडला आहे तो त्याचाच. बसवताना वाटीचं तोंड खालच्या बाजूला ठेवा, आणि कडा बोटाने हलक्या पसरवून मगच नळीत घाला. चकतीचं देणं आता राहिलं नाही.